आपलेपणा आणि वाटा

इंग्रजीतल्या ‘बिलाँगिंग’ला मराठी शब्द शोधताना मी नेहमी ‘आपलेपणा’पाशी येऊन थांबते, आणि तो पुरता बसत नाही हेही जाणवतं. आपलेपणा पाहुण्यालाही दाखवता येतो. घरचं माणूस असण्यात वाटा येतो. आपली खोली कोणती, निर्णय होताना आपल्याला बोलावतात की नंतर कळवतात, हे सगळं त्यात येतं. अमेरिकेतल्या कंपन्यांत आणि विद्यापीठांत कर्मचाऱ्यांचे जे समूह तयार झाले, कृष्णवर्णीयांचे, स्त्रियांचे, स्थलांतरितांचे, त्यांचा इतिहास वाचताना हा भेद मला उपयोगी पडला.

या समूहांची सुरुवात बहुधा झेरॉक्स कंपनीपासून सांगतात. तिचं मुख्यालय तेव्हा रॉचेस्टर शहरात होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात तिथे वांशिक दंगल उसळली. त्यानंतर कंपनीने कृष्णवर्णीयांची भरती वाढवली आणि १९७० च्या सुमारास हे कर्मचारी आपसात संघटित झाले. त्यांच्या तक्रारींतली एक मोठी तक्रार अगदी रोकडी होती. विक्रेत्यांना प्रदेश वाटून दिले जात, त्यात कमी कमाईचे भाग आपल्या वाट्याला येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे मुळात मागणी होती ती वाट्याची. सणसमारंभ, सहभोजनं, मार्गदर्शनाचे कार्यक्रम हे पुढे आलं.

विद्यापीठातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं, म्हणजे एमआयटीचं आहे. नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ तिथे १९७३ मध्ये रुजू झाल्या. विज्ञानात गुणवत्ता तेवढी मोजली जाते, अशी त्यांची पक्की समजूत होती. भेदभाव इतरत्र असेल, प्रयोगशाळेत नाही. पुढे त्यांनी कर्करोगकारक विषाणूंवरचं संशोधन सोडून झेब्राफिश या माशावर काम करायचं ठरवलं. माशांच्या टाक्यांना जागा लागते. त्यांनी दोनशे चौरस फूट जास्तीची जागा मागितली आणि ती मिळेना. आपल्याकडे इतरांपेक्षा जागा कमी आहे हे म्हणणं वरिष्ठांना पटत नव्हतं. तेव्हा त्यांनी मोजमापाची टेप घेतली आणि रात्री सगळे घरी गेल्यावर सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळा मोजून काढल्या. फरक आकड्यांत उतरला.

या टेपची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आकडे हातात आले तरी ती एका बाईचीच तक्रार होती. ‘तुमचा स्वभाव अवघड’, ‘तुमच्या विषयाला तितकी मागणी नाही’, अशा कारणांनी एकटीची तक्रार सहज परतवता येते. शिवाय ती बाई स्वतःलाही हेच विचारत असते की उणीव माझ्यात तर नाही? १९९४ मध्ये हॉपकिन्स यांनी संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहायचं ठरवलं आणि मसुदा मेरी-लू पार्ड्यू या सहकारी प्राध्यापिकेला दाखवला. पार्ड्यू यांचं शास्त्रज्ञ म्हणून नाव मोठं. त्यांना हे पत्र आवडणार नाही, अशी हॉपकिन्स यांना धास्ती होती. पार्ड्यू यांनी ते वाचलं आणि आपल्यालाही सही करायची आहे म्हणून सांगितलं.

मग दोघींनी यादी करायला घेतली. विज्ञान शाखेच्या सहा विभागांत कायम नेमणूक झालेले पुरुष प्राध्यापक १९४ होते आणि स्त्रिया पंधरा. गणित विभागात तर अशी एकही स्त्री नव्हती. इतर शाखेतल्या दोघी धरून सतरा जणींशी बोलणं झालं, त्यांतल्या सोळा जणींनी सही केली. वर्षानुवर्षं एकाच आवारात वावरलेल्या या बायका पहिल्यांदाच एकमेकींशी वेतन, जागा, पुरस्कार, समित्या यांविषयी बोलत होत्या. प्रत्येकीला आपलं प्रकरण खासगी वाटत होतं. एकमेकींशेजारी ठेवल्यावर त्या प्रकरणांतली समान रेघ दिसली.

अधिष्ठाता रॉबर्ट बर्जेनो यांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि १९९५ मध्ये समिती नेमली. मार्च १९९९ मध्ये तिच्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध झाला. अध्यापकवर्गात स्त्रियांचं प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होतं आणि निदान दहा वर्षं ते हललं नव्हतं. अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी प्रस्तावनेत स्पष्ट मान्य केलं की भेदभावात काही भाग वास्तवाचा आणि काही समजुतीचा असतो असं आपण धरून चाललो होतो, पण वास्तवाचाच भाग कितीतरी मोठा निघाला. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर गेली.

टीकाही झाली. वेतनाचे आणि जागेचे सविस्तर आकडे गोपनीय ठेवले होते. तक्रार करणाऱ्याच तपासणीतही होत्या. हे आक्षेप अगदीच फोल नव्हते. आणखी एक मर्यादा मला दिसते. हा अभ्यास प्राध्यापिकांचा होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी याच संस्थेत स्त्रियांचा जो मंच भरू लागला होता, त्यात विद्यार्थिनी आणि कचेरीत काम करणाऱ्या बायकाही येत. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ, विभागांच्या सचिव, सफाई करणाऱ्या बायका यांच्या वाट्याचं मोजमाप १९९९ च्या अहवालात नाही.

तरीही त्या अहवालातलं एक निरीक्षण मला विसरता येत नाही. तरुण प्राध्यापिकांना संस्थेत आपलेपणा वाटत होता. नोकरी आणि संसार यांची ओढाताण सोडली तर अडचण नाही, असं त्या सांगत. ज्येष्ठ प्राध्यापिकांना मात्र आपण कडेला ढकललो गेलो असं वाटत होतं. आणि या ज्येष्ठाही तरुणपणी तसंच म्हणत होत्या! प्रत्येक पिढी भेदभाव मागच्या पिढीबरोबर संपला असं मानून सुरुवात करत होती. वय वाढलं, अधिकाराच्या आणि साधनांच्या वाटण्या होऊ लागल्या, की हळूहळू उमगत होतं. आपलेपणा आधी मिळाला होता. वाट्याची वेळ आल्यावर दार अरुंद झालं.

पुढे वेतनं आणि जागा सुधारल्या, नेमणुका वाढल्या. जानेवारी २००१ मध्ये नऊ आघाडीच्या विद्यापीठांचे प्रमुख याच विषयावर एमआयटीत एकत्र बसले. २०११ च्या फेरआढाव्यात विज्ञान आणि अभियांत्रिकी शाखांतल्या स्त्रियांची संख्या बारा वर्षांत जवळपास दुप्पट झाल्याचं दिसलं. त्यातच नवी खंतही नोंदली गेली. स्त्री आहे म्हणून निवड झाली, असा शेरा आता तरुण प्राध्यापिकांना ऐकावा लागत होता.

आज या प्रवाहाला उलट वळण लागलं आहे. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतली विविधता व समावेशाची कार्यालयं बंद केली. कार्यालय गेलं की भरवशाची दाद मागायची जागा जाते, हे नुकसान खरं आहे. पण कार्यालयं उघडी असतानाही समूहाचं काम कितीदा स्वागतसमारंभ आणि सदिच्छा यांपुरतं उरत होतं, हेही विचारायला हवं. एमआयटीतल्या सोळा जणींकडे कार्यालय नव्हतं, निधी नव्हता, समूहाला नावही नव्हतं. एकमेकींना आपला पगार आणि आपली जागा सांगण्याचा संकोच त्यांनी सोडला. समूह दिलासा देतो, आणि दिलाशाची गरज असतेच. पण तुलना करण्याची सोय फक्त समूहातच होते. ज्या संस्थेत माणसं ती सोय वापरत नाहीत, तिथे आपलेपणा कितीही असो, वाटप कोण करतं आणि कसं, हे कुणालाच कळत नाही.