सँडीगेटचा उतार

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये शेफील्ड एफसी हा क्लब निघाला. आज तो जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. २६ डिसेंबर १८६० रोजी शेजारच्या हॅलमशी त्याचा सामना झाला तो सँडीगेटवर. इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन स्थापन व्हायला अजून तीन वर्षं होती. गिनेस बुकात सँडीगेटची नोंद जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान अशी आहे.

हॅलम अजून तिथंच खेळतो, व्यावसायिक लीगच्या चार श्रेणींच्या खाली, नॉन-लीगमध्ये. मी सामना पाहायला गेलो तेव्हा आधी डोळ्यांत भरला तो मैदानाचा उतार. दोन्ही संघांना अर्धा सामना चढावर खेळावं लागतं. कठड्याला टेकलं की खेळाडूंचं बोलणंही ऐकू येतं.

शेफील्ड एफसी मात्र २००१मध्ये शहराबाहेर ड्रॉनफील्डला गेला. २०११मध्ये त्यानं आपली जुनी हस्तलिखित नियमावली लिलावात विकली, आठ लाख पौंडांहून जास्त किमतीला. आर्सेनलच्या हायबरीवर आज फ्लॅट आहेत. सँडीगेटवर मात्र दर मोसमात सामने होतात. मला वाटतं, वारसा जपायला स्मारकापेक्षा तिकीट काढून येणारी माणसं जास्त उपयोगी पडतात.