फेरी ब्रह्मगिरीची, बातमी आपली

मंडळी, श्रावण लागला की आमच्या तालुक्यातल्या एसटी स्टँडवर एक प्रश्न ऐकू येतो, "तिसऱ्या सोमवारी फेरीला चालला का?" कुठली फेरी हे कुणी विचारत नाही. नाशिक जिल्ह्यात फेरी म्हणजे त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन वाचा.

आधी एक कबुली देतो. पत्रकारितेत वीस वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं मी फेरीची बातमी त्र्यंबकच्या टपरीवर बसून लिहिली. "लाखो भाविकांची मांदियाळी, चोख बंदोबस्त, बम बम भोलेच्या गजराने आसमंत दुमदुमला." बसनं जायचं, कुशावर्तावर दोन फोटो काढायचे, संध्याकाळच्या आत कॉपी पाठवायची. फक्त तारीख बदलायची. एका वर्षी आत्या घरी आली होती. तिनं बातमी वाचली आणि एवढंच विचारलं, "तू डोंगराच्या मागं गेला होतास का रे?" मी गप्प. पुढच्या श्रावणात तिच्याबरोबर चालायला गेलो, आणि आपण इतकी वर्षं नेमकं काय लिहीत होतो ते कळलं.

लहान फेरी साधारण वीस किलोमीटरची. मोठी चाळीसच्या आसपास, तिच्यात हरिहरचा किल्लाही येतो. रविवारी रात्रीच माणसं कुशावर्तात बुडी मारून निघतात. प्रयागतीर्थ, पहिण्याची बाजू, मग डोंगराची पाठ, आणि वळसा पूर्ण करून परत त्र्यंबक. पाऊस आडवा, धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसत नाही. चप्पल चिखलात राहते, ती काढायला कुणी थांबत नाही. आत्यानं निघतानाच चप्पल पिशवीत घातली होती. तिची ही अकरावी फेरी होती.

मी तिला विचारलं, "एवढ्या पावसात कशाला? दिवाळीनंतर आलो तर?" ती म्हणाली, "दिवाळीला भात कोण कापंल?" मला वाटतं, या यात्रेच्या वेळेचं अर्धं उत्तर त्यात आहे. श्रावण महादेवाचा, हे खरंच. पण त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात तिसऱ्या सोमवारपर्यंत भाताची आवणी उरकलेली असते आणि कापणी लांब असते. शेतकऱ्याला घर सोडता येईल असे हेच चार दिवस. आपले बरेचसे सण शेतीच्या सवडीवर बसलेत, ही यात्राही त्यातलीच.

आता थोडा इतिहास, कारण या डोंगराला तो भरपूर आहे.

गौतम ऋषींची कथा सगळ्यांना माहीत आहे. गोहत्येचा ठपका आला, त्यांनी तप केलं, शंकरानं गंगा सोडली. ती इथं तिथं गुप्त होत राहिली, तेव्हा कुश टाकून तिला अडवली, ते कुशावर्त. ही झाली पुराणातली गोष्ट.

दुसरी गोष्ट वारकऱ्यांच्या परंपरेतली. वाळीत टाकलेले विठ्ठलपंत बायकोमुलांना घेऊन त्र्यंबकला आले आणि ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालू लागले. एकदा वाटेत वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती हरवला. तो शिरला एका गुहेत. तिथं गहिनीनाथ भेटले, त्यांनी उपदेश दिला. तोच पुढं धाकट्या ज्ञानदेवाला मिळाला. म्हणजे बघा, ज्या परंपरेतून ज्ञानेश्वरी आली, तिचा एक धागा या फेरीत हरवलेल्या पोरापाशी जातो. निवृत्तिनाथांची समाधीही याच डोंगराच्या पायथ्याला आहे. आजही फेरीत माणसं हरवतात, धुक्यात नावानं हाका मारतात. तेव्हा मला दरवेळी ते घर आठवतं.

तिसरी गोष्ट राज्यकर्त्यांची. ब्रह्मगिरी म्हणजे नुसता तीर्थाचा डोंगर नाही, तो त्र्यंबकगड आहे. १६३६ च्या तहात शहाजीराजांना तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी वेढा देऊन तो जिंकला. गोदावरीचा उगम असा एका लढत्या किल्ल्यावर आहे. खालचं आजचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. १७५५ ला सुरू झालेलं काम १७८६ ला संपलं असं सांगतात. पानिपतानंतर १७६१ ला नानासाहेब गेले, काम मात्र चालू राहिलं. त्याच शतकात सिंहस्थात शैव आणि वैष्णव आखाड्यांची स्नानाच्या मानावरून मोठी मारामारी झाली. अखेर पेशवाईत वाटणी ठरली, शैव त्र्यंबकला कुशावर्तावर आणि वैष्णव नाशिकला रामकुंडावर. ती आजही पाळली जाते. गर्दीचं नियोजन ही आजच्या सरकारची डोकेदुखी नाही, ती तेव्हापासूनची आहे.

पण माझ्या डोक्यात बसली ती चौथी गोष्ट, आणि ती आत्यानं सांगितली. डोंगराच्या मागं एका चढावर ती थांबली. सगळीकडून ओहोळ वाहत होते. म्हणाली, "हे पाणी मुंबईला जातं. आपलं पलीकडं राहिलं." मी घरी येऊन नकाशा काढला. बाई बरोबर होती. ब्रह्मगिरीच्या एका अंगाची गोदावरी पूर्वेला निघते, नाशिक, पैठण, नांदेड करत तेलंगण-आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. जवळपास १,४६५ किलोमीटर. दुसऱ्या अंगाची वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते आणि तिच्यावरच्या अप्पर वैतरणा, मोडकसागर या धरणांचं पाणी मुंबईकर पितात. फेरी घालणारा माणूस अनवाणी पायानं सह्याद्रीची पाणलोट रेषा ओलांडतो. जुन्या लोकांनी देव म्हणून ज्या डोंगराभोवती फिरायला सांगितलं, तो अर्ध्या महाराष्ट्राचा हंडा आहे. त्यांना हे माहीत होतं असा दावा मी करणार नाही. आपल्याला माहीत आहे, एवढं नक्की.

आणि माहीत असून आपण काय केलं?

त्र्यंबक गावात गोदावरी शोधून दाखवा. काँक्रीट आणि स्लॅबखालून ती जाते, वरून आपण चालतो. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी सुरुंग लावून डोंगर फोडल्याचं प्रकरण गाजलं. पर्यावरणवाले बोंबलले, तेव्हा यंत्रणा हलली. अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेची योजना आली, तिलाही विरोध झाला, कारण त्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. म्हाताऱ्या माणसांची सोय व्हावी, याला माझा विरोध नाही. पण डोंगराला धक्का देऊन डोंगराचं दर्शन कसलं घेणार?

भीती उगाच नाही. ३० जुलै २०१४ ला भीमाशंकरच्या बाजूचं माळीण सकाळी डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. उतारावरची जमीन सपाटीकरणासाठी हलवल्याचा मुद्दा तेव्हा पुढं आला होता. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर मातीचा थर असतो, पावसाचं पाणी मुरून तो जड होतो. खालून पाय कापला की वरचं अंगावर येतं. फेरीच्या रात्री त्या उतारावर लाखो माणसं असतात.

आता सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसात, अमृतस्नानं आहेत. रस्ते, घाट, पार्किंग, निधी यांच्या बातम्या रोज येतात आणि मीही देतो. पण फेरीच्या मागच्या बाजूला रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं तर ॲम्ब्युलन्स कुठवर पोचते? मोबाईलला रेंज कुठं नाही? कोणते उतार कच्चे आहेत, ते कुणी तपासले? वाटेवरच्या भातखाचरांतून गर्दी घुसते, त्या शेतकऱ्याला कोण भरपाई देतं? हे प्रश्न टपरीवर बसून सुचत नाहीत.

आत्या आता ऐंशीच्या पुढं आहे, गुडघे गेले. गेल्या वर्षी मी एकटाच गेलो. आल्यावर तिनं प्रसाद घेतला नाही, आधी विचारलं, "मागचा डोंगर आहे ना तसाच?"

मी म्हणालो, "आहे." पूर्ण खरं नव्हतं ते.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. बॅटरी न्या, प्लॅस्टिक परत आणा, शेतातून शॉर्टकट मारू नका. आणि डोंगराच्या मागं कुठं मशीन लागलेलं दिसलं तर जागा लिहून मला कळवा. या वेळी बातमी चालूनच देणार आहे.