डिफरन्शियल लॉकर म्हणजे काय? कमी खर्चात आपल्या गाडीसाठी योग्य लॉकर कसा निवडावा?

फोर बाय फोर गाडी घेतली म्हणजे चारही चाकं एकदम ओढणार, असा बहुतेकांचा समज असतो. पहिल्या पावसाळ्यात हा समज दूर होतो. लाल मातीच्या चढावर एक पुढचं आणि एक मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं, बाकीची दोन चाकं घट्ट जमिनीवर असूनही स्वस्थ उभी राहतात आणि गाडी तसूभरही पुढे सरकत नाही. अशा वेळी कोणीतरी सांगतं, ‘लॉकर बसवून घे.’ मग शोध सुरू होतो आणि किमती पाहून डोळे फिरतात. लॉकर नेमकं काय करतो, त्याचे प्रकार कोणते आणि पैसे वाया न घालवता निवड कशी करायची, ते या लेखात पाहू.

डिफरन्शियल कशासाठी असतं?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर असेल, तर एका पूर्ण यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर बसवली असती, तर प्रत्येक वळणावर एक चाक घासत गेलं असतं. म्हणून मधे डिफरन्शियल असतं. क्राऊनच्या आतले छोटे स्टार पिनियन दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात.

अडचण इथेच सुरू होते. साधं, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी जवळपास सारखाच जोर देतं. समजा, चिखलातलं डावं चाक फक्त १०० न्यूटन-मीटर जोर पेलू शकतं, त्यापुढे ते घसरतं. उजवं चाक खडकावर आहे आणि ८०० पेलू शकतं. तरीही ओपन डिफरन्शियलमध्ये उजव्याला १०० च मिळतात. एकूण झाले २००. लॉकर लावला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ज्याची पकड जास्त ते चाक आपल्या कुवतीइतका जोर घेतं. एकूण जोर ९०० पर्यंत जाऊ शकतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तत्त्व मात्र हेच.

शेतकरी वाचकांना हे नवीन नाही. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात फिरायला लागलं की पायाजवळचं डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतात, तीच ही गोष्ट. आणि लॉक लावून ट्रॅक्टर वळवू नये, हा नियमही तोच.

फोर बाय फोर आणि लॉकर यांत फरक काय?

पार्ट-टाइम फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना जोडला जातो. पण पुढच्या ॲक्सलची दोन चाकं आपापसांत आणि मागच्या ॲक्सलची दोन चाकं आपापसांत अजून मोकळीच असतात. त्यामुळे तिरप्या खड्ड्यात एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक हवेत गेलं की गाडी अडकते. लॉकर एका ॲक्सलच्या दोन चाकांना बांधतो. म्हणून ‘पुढे लॉकर’ आणि ‘मागे लॉकर’ असे दोन वेगळे निर्णय असतात.

आधी तपासा: तुमच्या गाडीत आधीच काय आहे?

सगळ्यात स्वस्त लॉकर म्हणजे कंपनीने बसवून दिलेला. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालकाने स्वतः लावायचे डिफरन्शियल लॉक मिळतात. महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांमध्ये मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असतं, काहींमध्ये नसतं. पाच दारांच्या जिम्नीत यांत्रिक लॉकर नाही, तिथे ब्रेकच्या मदतीने काम करणारी व्यवस्था आहे. जुन्या जिप्सीत दोन्ही डिफरन्शियल ओपन असतात.

जुनी गाडी घेताना विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा ॲक्सल जॅक आणि स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एक मागचं चाक हाताने हळू फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने सहज फिरलं तर डिफरन्शियल ओपन आहे, किंवा लॉकर आहे पण लागलेला नाही. फिरताना चांगलाच अडथळा जाणवला तर लिमिटेड स्लिप असण्याची शक्यता. चाक थोडं हलून अडकलं तर आत लॉकर आहे, किंवा कोणीतरी डिफरन्शियल वेल्ड करून ठेवलं आहे. स्टँड नसताना केवळ जॅकवर ही तपासणी करू नका.

लॉकरचे प्रकार: स्वस्ताकडून महागाकडे

*१. वेल्डिंग किंवा स्पूल.* स्टार पिनियन वेल्ड करून टाकणं हा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय. स्पूलमध्ये त्याजागी एक ठोकळाच बसवतात. दोन्हींत चाकं कायमची बांधली जातात. वळणावर टायर घासतो, गाडी सरळ ओढते, ॲक्सल तुटण्याचा धोका वाढतो आणि वेल्डचा तुकडा सुटला तर आतलं सगळं दळून निघतं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हा पर्याय बादच समजा.

*२. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल.* हा खरा लॉकर नव्हे. क्लच प्लेटच्या प्रकारात प्लेटा झिजतात आणि योग्य प्रकारचं गिअर ऑइल लागतं. टोर्सनसारखा गिअरचा प्रकार कमी पकडीच्या चाकाच्या काही पट जोर दुसऱ्याला देतो. पण चाक पूर्ण हवेत असेल तर शून्याची कितीही पट शून्यच. निसरड्या रस्त्यासाठी उत्तम, खोल खड्ड्यांसाठी अपुरा.

*३. लंचबॉक्स लॉकर.* कमी बजेटमध्ये सगळ्यात जास्त चर्चा याचीच होते. लॉक-राइट, ऑसी लॉकर, स्पार्टन ही यातली परिचित नावं. मूळ डिफरन्शियलचं केस तसंच ठेवून आतले स्टार पिनियन आणि साइड गिअर काढतात आणि त्याजागी दातेरी जोड्या बसवतात. क्राऊन-पिनियनच्या सेटिंगला सहसा हात लावावा लागत नाही, त्यामुळे मजुरी वाचते. लॉकर एरवी लागलेला असतो, वळणावर बाहेरचं चाक पुढे धावलं की दाते टकटक करत घसरतात आणि त्याला मोकळीक देतात.

तोटेही समजून घ्या. पार्किंगमध्ये आवाज येतो, कधी ठक्क असा दणका बसतो, टायर थोडे लवकर झिजतात. मूळ केस कमजोर असेल तर ताकदही तेवढीच राहते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे बसवलेला असेल, तर पावसाळ्यात घाटाच्या ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना गाडीचा मागचा भाग हलतो. आखूड व्हीलबेसच्या गाडीत हे जास्त जाणवतं. घरातले इतरही लोक ती गाडी चालवत असतील, तर हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा आहे.

*४. पूर्ण केसचा ऑटोमॅटिक लॉकर.* डेट्रॉइट लॉकर हे याचं प्रसिद्ध उदाहरण. केससकट बदलतात म्हणून मजबूत, पण क्राऊन-पिनियन नव्याने सेट करावं लागतं. रस्त्यावरचा स्वभाव लंचबॉक्सच्याच जवळचा.

*५. वेगातल्या फरकावर लागणारा मेकॅनिकल लॉकर.* ईटनचा एम-लॉकर या प्रकारातला. महिंद्राने २०१५ च्या थारमध्ये मागच्या ॲक्सलला ईटनचा लॉकर दिला होता. एरवी तो ओपनसारखा चालतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक लागतो. चालकाला बटण दाबावं लागत नाही. मात्र लागण्याआधी चाक थोडं फिरू द्यावं लागतं. पाय लगेच काढणारा चालक ‘माझा लॉकर चालतच नाही’ अशी तक्रार करत राहतो.

*६. हवा तेव्हा लावायचा लॉकर.* एआरबीचा एअर लॉकर हवेच्या दाबावर, ईटनचा ई-लॉकर विजेवर, तर काही केबलवर चालतात. बटण बंद असताना डिफरन्शियल ओपन, चालू केलं की पूर्ण लॉक. रस्त्यासाठी सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत महाग. एअर लॉकरला कंप्रेसर आणि हवेची नळी लागते, म्हणजे खर्च आणि गळतीची जागा दोन्ही वाढतात. पण त्याच कंप्रेसरने टायरमध्ये हवा भरता येते, हेही हिशेबात धरा.

खरा खर्च कसा मोजायचा?

परदेशी वेबसाइटवरची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला आकडा. त्यात वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळवा. मग गॅस्केट, ऑइल सील, गिअर ऑइल. केस बदलत असाल तर बेअरिंग, शिम आणि क्राऊन-पिनियन सेट करण्याची मजुरी. ही सेटिंग चुकली तर गाडी थोड्याच दिवसांत ‘घूं’ आवाज करायला लागते आणि क्राऊन-पिनियनचा नवा जोड घ्यावा लागतो. स्वस्त लॉकर आणि अननुभवी मिस्त्री ही जोडी सगळ्यात महाग पडते. म्हणून आधी हे काम केलेला मेकॅनिक शोधा, मग लॉकर मागवा.

मागवण्यापूर्वी या गोष्टी लिहून काढा:

- ॲक्सलचा नेमका प्रकार, पुढचा की मागचा
- क्राऊन-पिनियनच्या दातांची संख्या आणि रेशो, कारण काही केस ठरावीक रेशोलाच बसतात
- ॲक्सल शाफ्टच्या टोकावरच्या स्प्लाइनची संख्या, प्रत्यक्ष मोजून
- गाडीत एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहे का, आणि लॉकरशी त्यांचं जुळतं का
- सुटे भाग भारतात मिळतात का

एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत स्प्लाइन वेगळे असू शकतात. ‘मित्राच्या गाडीला बसला’ एवढ्यावर पैसे भरू नका.

पुढे की मागे?

एकच घ्यायचा असेल तर बहुतेकांसाठी मागे. चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे लॉकरचा फायदा तिथे जास्त. पुढचा लॉकर लागलेला असताना स्टिअरिंग जड होतं आणि चाकं पूर्ण वळवून जोर दिल्यास पुढच्या ॲक्सलचे जॉइंट तुटू शकतात. अपवाद एकच. गाडी पार्ट-टाइम असेल आणि पुढे फ्री-व्हीलिंग हब असतील, तर काही जण लंचबॉक्स लॉकर मुद्दाम पुढे बसवतात. हब मोकळे ठेवले की डांबरी रस्त्यावर त्याचा त्रास होत नाही.

लॉकरआधीचे स्वस्त उपाय

टायर हा पहिला लॉकर समजा. गुळगुळीत टायरवर लॉकर बसवला तर दोन्ही चाकं एकत्र घसरतील, एवढंच. चांगले टायर, चिखलात हवा थोडी कमी करणं आणि परतताना ती भरायला छोटा कंप्रेसर, एवढ्यावर अनेकांचं काम भागतं.

गाडीत ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवतं. त्याला काम करायला एक-दोन क्षण द्या, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा. अशी व्यवस्था नसेल आणि मागचं चाक फिरत असेल, तर हँडब्रेक हलका ओढून तोच परिणाम थोडाफार मिळतो. मात्र काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नव्हे, प्रॉपेलर शाफ्टवर काम करतो. तिथे ही युक्ती चालत नाही.

मग कोणी काय घ्यावं?

- *वर्षातून दोन-चारदा गडाच्या पायथ्यापर्यंत जाणारे:* लॉकर नको. टायर, कंप्रेसर, ओढण्याचा पट्टा आणि सोबत दुसरी गाडी.
- *पावसाळ्यात रोज शेतावरच्या चिखलातून जाणारे, गाडी एकाच व्यक्तीच्या हातात:* लंचबॉक्स लॉकर परवडतो. घाटात वेग कमी ठेवण्याची सवय हवी.
- *घरातली एकच गाडी, तीच सहलीला आणि तीच ऑफिसला:* लॉकर असलेली आवृत्ती घ्या किंवा पैसे साठवून हवा तेव्हा लावायचा लॉकर मागे बसवा.
- *गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांची तयारी करणारे:* दोन्ही ॲक्सलला लॉकर आणि विंच. इथे स्वस्ताईचा विचार मागे पडतो.

वापरताना हे विसरू नका

लॉकर अडथळ्याच्या आधी, गाडी थांबलेली किंवा रांगत असताना लावा. चाक गरगरत असताना बटण दाबलं तर आतले दाते तुटू शकतात. अडथळा संपला की लगेच काढा. कोरड्या डांबरावर लावू नका. आणि आडव्या उतारावर विशेष सांभाळा. एरवी एक चाक घसरलं तरी दुसरं गाडीला धरून ठेवतं, लॉक असताना दोन्ही एकदम घसरतात आणि गाडी कडेला, उताराकडे सरकते. दरीच्या बाजूला हे जिवावर बेतू शकतं.

बसवण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, त्यामुळे शंका असेल तर आरटीओत विचारून घ्या. लॉकर आहे म्हणून कुठेही गाडी घालता येत नाही, हेही लक्षात असू द्या. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि वनक्षेत्रात परवानगी लागते.

थोडक्यात

लॉकर गाडीची पकड वाढवत नाही, आहे ती पकड वापरू देतो. म्हणून आधी टायर, मग चालवण्याची सवय, मग लॉकर. आणि अनुभवी ऑफ-रोड चालक सांगतात ते लक्षात ठेवा: जिथे साधी गाडी अडकते, त्याच्या बरंच पुढे जाऊन लॉकरवाली गाडी अडकते, आणि तिथून तिला बाहेर काढणं जास्त अवघड असतं. परतीची सोय आधी पाहा, मगच बटण दाबा.