हयगयीचा मृत्यू आणि वारसांचा हक्क : एक शब्दैतिहासिक विचार

१

एखादा माणूस दुसऱ्याच्या हयगयीमुळे मेला, तर त्याच्या पाठीमागे राहिलेल्यांनी कोणाकडे, काय आणि कोणत्या शब्दांत मागावयाचे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ विधिशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे, आणि बऱ्याच अंशी भाषेचाही आहे. मागणीला नाव नसेल तर ती मागणी म्हणून उभीच राहत नाही. ती विनवणी होते. प्रस्तुत निबंधाचा प्रतिपाद्य विषय असा की, आपल्या मुलखात मृताच्या निमित्ताने देण्यात येणारे द्रव्य दीर्घकाळ दंड, प्रायश्चित्त किंवा अनुग्रह या नावांनी ओळखले गेले. कुटुंबाचा हक्क या नावाने ते ओळखले जाऊ लागले ते अलीकडेच. हक्क आला तरी अनुग्रहाची भाषा मागे हटली नाही, आणि या दोन भाषांच्या घोटाळ्यात अनेक कुटुंबांचा हक्क मुदतीबाहेर जातो.

विवेचनासाठी पैठण तालुक्यातील चितेगाव हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव शेतीचे होते, पुढे कारखान्यांचे झाले. रस्ता, कारखाना आणि शहरातील मोठे शासकीय रुग्णालय, ही आजच्या काळातील हयगयीच्या मृत्यूची तीन प्रमुख स्थळे. या गावाचा तिन्हींशी नित्याचा संबंध आहे. शिवाय ज्या पैठणच्या पंडितांकडे धर्मनिर्णयासाठी दूरदूरचे लोक येत, त्याच पैठणच्या परिसरातील हे गाव असल्याने जुन्या विचारापासून आरंभ करणे सयुक्तिक ठरते.

२

धर्मसूत्रांत मनुष्यवधाबद्दल गाई द्यावयाचे विधान आहे. आपस्तंबाच्या मते क्षत्रियाच्या वधाबद्दल सहस्र, वैश्याच्या वधाबद्दल शंभर आणि शूद्राच्या वधाबद्दल दहा गाई द्याव्यात. हेतू ‘वैर’ निवारण्याचा. म्हणजे प्राणाचे मोल वर्णानुसार ठरे. या गाई घेणार कोण, याविषयीही एकमत नाही. बौधायन त्या राजाकडे पोचवितो. मृताची विधवा किंवा तिची मुले यांना त्या मागण्याचा अधिकार आहे, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनांमुळे होणाऱ्या हानीचा विचार आला आहे, आणि तो आजच्या वाचकासही विस्मित करील इतका बारकाईचा आहे. सारथी अकुशल असेल तर दंड धन्याने द्यावा आणि सारथी कुशल असूनही चुकला तर त्यानेच द्यावा, हा भेद तेथे स्पष्ट आहे. सेवकाच्या हयगयीबद्दल धनी केव्हा उत्तरदायी, या आधुनिक प्रश्नाचेच ते बीज होय. मात्र दंड जाई तो राजाकडे. जखमी माणसास बरे होण्यासाठी लागणारा खर्च अपराध्याने द्यावा, असेही तेथे सांगितले असून त्यास ‘समुत्थानव्यय’ असा अर्थवाही शब्द आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे. जो उठला त्याला खर्च मिळाला. जो उठलाच नाही त्याच्या घरच्यांसाठी तेथे शब्द नाही.

मराठेशाहीत असा एक शब्द आढळतो : ‘बालपरवेशी’. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक होई तिचे हे नाव. ‘परवेशी’ हा फारसी ‘परवरिश’चा मराठी अवतार, अर्थ पालनपोषण. मृताच्या पाठीमागे कोण उरले, त्यांचे चालावयाचे कसे, हा विचार या शब्दाच्या पोटातच आहे. तथापि बालपरवेशी ही धन्याने ओळखलेली निष्ठेची परतफेड होती. ती सरकारच्या मर्जीने मिळे; धन्याच्या हयगयीमुळे माणूस गेला म्हणून त्याच्याविरुद्ध ती मागता येत नसे.

३

इंग्लंडातील स्थितीही फार निराळी नव्हती. १८०८ साली बेकर विरुद्ध बोल्टन या खटल्यात, घोडागाडी उलटून पत्नी मरण पावलेल्या पतीस न्यायमूर्ती एलनबरो यांनी सांगितले ते असे की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी नव्हे. पाय मोडला तर दावा चाले, प्राण गेला तर चालत नसे. म्हणजे मारण्यापेक्षा लुळे करणे महाग पडे. रेल्वेचे अपघात वाढल्यावर ही विसंगती असह्य झाली आणि १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात २७ मार्च १८५५ रोजी त्या वर्षीचा तेरावा अधिनियम, म्हणजे प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावून तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

अवघ्या चार कलमांचा हा कायदा अद्याप अंमलात आहे. त्यातील कारणवाचक त्रयी मराठीत ‘अपकृत्य, हयगय किंवा कसूर’ अशी मांडता येते. या तीन शब्दांच्या छटा भिन्न आहेत. अपकृत्य म्हणजे जे करावयाचे नाही ते करणे. हयगय म्हणजे जे करीत आहो ते लक्षपूर्वक न करणे. कसूर म्हणजे जे करणे आपल्याकडे लागू होते ते न करणे. उघड्या खड्ड्याभोवती कठडा न घालणारा काहीच करीत नसतो. त्याची कसूर असते. आपल्या नित्याच्या बोलण्यात या तिन्हींवर ‘निष्काळजीपणा’ हे एकच पांघरूण पडते, आणि ज्याने काहीच केले नाही तो त्याखालून निसटतो.

दावा चालतो तो पत्नी, पती, आईबाप आणि अपत्ये यांच्या हितासाठी. आईबापांत आजा-आजी आणि अपत्यांत नातवंडे व सावत्र मुले येतात. भाऊ-बहीण येत नाहीत. मृत्यूच्या दिनांकापासून दोन वर्षांच्या आत तो दाखल करावा लागतो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हयगयीने मृत्यू घडविण्याचे स्वतंत्र कलम दंडसंहितेत १८७० मध्ये घालण्यात आले. म्हणजे कुटुंबाचा दिवाणी हक्क या फौजदारी कलमाहून पंधरा वर्षांनी वडील आहे. लोकसमजूत मात्र याच्या उलट : ‘केस’ म्हणजे पोलिसांतली, आणि तिचा निकाल लागला की सारे संपले.

चितेगावला हा हक्क पोचावयास शतक लागले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथील कायदे निराळे, आणि १८८४ पासून सरकारी कामकाजाची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली आणि १९५१ च्या अधिनियमाने केंद्रीय कायदे हैदराबादसह ‘ब’ वर्गातील राज्यांना लागू करण्यात आले, तेव्हा हा कायदा येथे आला. ‘दावा’, ‘वारस’, ‘नुकसान’, ‘कसूर’ हे शब्द मराठीत आधीच रुजलेले होते. त्यांच्यामागचा हा विशिष्ट हक्क मात्र नवा होता.

४

या नव्या हक्काची खरी कसोटी औरंगाबादेतच लागली. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या शासकीय रुग्णालयात १० जुलै १९६३ रोजी एक स्त्री प्रसूत होऊन तिला मुलगा झाला. १३ जुलै रोजी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. लगेच तीव्र ज्वर आणि वेदना सुरू झाल्या. पुढे पोट पुन्हा उघडण्यात आले, तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी आत राहिलेला कापडाचा बोळा सापडला. २४ जुलै रोजी ती मरण पावली. पती व मुले यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा फिरविला.

फिरविण्याचे एक कारण ऐतिहासिक दृष्ट्या उद्बोधक आहे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदयपूरच्या सरकारी जीपखाली सापडून मेलेल्या पादचाऱ्याच्या विधवेला व मुलीला मिळालेली १५,००० रुपयांची भरपाई कायम केली होती. परंतु १९६५ मध्ये कस्तुरीलाल या पेढीच्या खटल्यात, पोलिसांच्या ताब्यातून नाहीशा झालेल्या सोन्याबद्दल शासन उत्तरदायी नाही, कारण ते सार्वभौम कार्य होते, असा निर्णय झाला. तोच न्याय औरंगाबादच्या रुग्णालयास लावण्यात आला.

२० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायालयाचा निर्णय पुनःस्थापित केला. रुग्णालय चालविणे हे लोककल्याणाचे कार्य आहे, सार्वभौम सत्तेचे नव्हे. बोळा आत राहिला ही वस्तुस्थितीच हयगयीविषयी बोलते. आणि नेमका कोणत्या कर्मचाऱ्याचा हात चुकला हे सांगता आले नाही तरी हयगयीने मृत्यू झाला हे सिद्ध झाल्यावर शासनाने भरपाई दिली पाहिजे, असे तात्पर्य. यांतील तिसरा मुद्दा वारसांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होय. शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याने आत कोणी काय केले ते सांगावे, ही अपेक्षाच न्यायाला सोडून आहे.

तथापि विजयाची किंमतही मोजावयास हवी. मृत्यूपासून या निकालापर्यंत साडेबत्तीस वर्षे लोटली. ज्या बाळाच्या जन्मासाठी आई रुग्णालयात गेली, ते बाळ तेव्हा तेहतिसाव्या वर्षात होते. याच कालखंडातील दुसऱ्या एका खटल्याशी याची तुलना करावी. रत्नागिरी जिल्ह्यात पायाचे हाड मोडलेला एक तरुण मे १९५३ मध्ये पुण्यात उपचार चालू असताना वारला. त्याच्या पित्यास मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कायम केली. तेथे प्रतिवादी खाजगी वैद्यकव्यवसायी होता, आणि पंधरा वर्षे लागली. जेथे शासन प्रतिवादी, तेथे दुपटीहून अधिक.

५

आज चितेगावातील कुटुंबापुढे कोणते मार्ग आहेत, हे संक्षेपाने नोंदविणे उचित होईल. फौजदारी मार्ग राज्याचा असतो : १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, आणि वैद्यकीय क्रिया करताना तसे घडल्यास नोंदणीकृत वैद्यकव्यवसायीस दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आरोपी निर्दोष सुटला तरी दिवाणी दावा त्यामुळे बुडत नाही, कारण दोहोंतील पुराव्याचे माप वेगळे आहे.

रस्त्यावरील मृत्यूसाठी १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आली. तेथे ‘विधिप्रतिनिधी’ हा व्यापक शब्द असल्याने १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या भावालाही दारे उघडली. २०१९ च्या दुरुस्तीने या दाव्यांस सहा महिन्यांची मुदत घातली; तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला असला, तरी कुटुंबाने तीच मुदत धरून चालणे शहाणपणाचे. रस्त्यातील खड्डा वा उघडे गटार हेच कारण असेल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वारसांसाठी ६ लाख रुपयांची भरपाई ठरविली आहे. मोबदला देऊन घेतलेल्या वैद्यकीय सेवेबाबत १९९५ च्या निर्णयापासून ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. सर्वांना विनामूल्य सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

कारखान्यातील मृत्यूचा विचार १९२३ च्या कायद्याने केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. येथे हयगय सिद्ध करावी लागत नाही. काम आणि मृत्यू यांचा संबंध पुरेसा असतो.

या सर्व मार्गांत रक्कम ठरते ती बहुधा मृताच्या मिळकतीवरून. आपस्तंबाच्या गाई वर्णानुसार मोजल्या जात. आपण वेतनानुसार मोजतो. हा फरक मोठा आहे, पण वाटतो तितका संपूर्ण नाही, कारण ज्याचे वेतन नाही त्याचे काय हा प्रश्न उरतोच. गृहिणीच्या कामाचे मोल धरले पाहिजे असे म्हणून २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात ते महिना ३,००० रुपये मानले. औरंगाबादच्या त्या आईच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी.

६

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही शासनांनी प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली. अशा मदतीस शासकीय मराठीत ‘सानुग्रह’ म्हणतात. हा शब्द प्रामाणिक आहे : अनुग्रह म्हणजे कृपा. त्यात कोणाची कसूर कबूल केलेली नसते आणि कोणाचा हक्क मान्य केलेला नसतो. बालपरवेशीचाच हा वंशज म्हणावयास हवा. वृत्तपत्रे मात्र त्यालाही ‘भरपाई’ म्हणून मोकळी होतात, आणि वाचणाऱ्याची समजूत होते की देणे फिटले.

‘भरपाई’ शब्दाचा जुना अर्थ येथे आठवावा. देणे पुरते वसूल झाल्यावर पावतीखाली ‘भरून पावलो’ असे लिहीत. भरपाई म्हणजे ती पूर्णता. मृताच्या घरी दहाव्याच्या आत कोणी पाकीट आणून कागदावर अंगठा घेतो, तेव्हा तो याच अर्थाचा आधार घेत असतो. १९२३ च्या कायद्याने हा धोका ओळखला होता. कामगाराच्या मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्ताकडेच जमा करावी, परस्पर दिलेली रक्कम भरपाई समजली जाणार नाही, आणि हक्क सोडून देणारा करार शून्य ठरेल, अशी तरतूद त्यात होती. तेच तत्त्व नव्या संहितेतही राखले आहे. म्हणजे कारखान्याच्या बाबतीत कायदाच सांगतो की, तो अंगठा ‘भरून पावलो’ नव्हे. अन्य मृत्यूंच्या बाबतीत असे संरक्षण नसल्याने कागदावरील शब्द वाचूनच सही करावयास हवी.

तात्पर्य, दंड, बालपरवेशी, सानुग्रह मदत आणि भरपाई हे चार शब्द चार भिन्न नाती सांगतात : अपराधी व राजा, सेवक व धनी, प्रजा व शासन, आणि शेवटचे, हानी करणारा व हानी सोसणारा. पहिल्या तीन नात्यांत कुटुंब घेणारे तरी असते किंवा बाजूला उभे तरी असते. मागणारे म्हणून ते केवळ चौथ्यात येते. हे चार शब्द पंचनाम्यात, वृत्तपत्रांत आणि शासकीय पत्रकांत एकमेकांच्या जागी वापरले जाऊ नयेत, एवढे पाहणे भाषेच्या अभ्यासकांच्या हाती आहे. दोन वर्षांची मुदत मृत्यूच्या दिनांकापासून चालू होते; योग्य शब्द कळावयास कुटुंबाला जो विलंब लागतो तो त्या मुदतीतूनच वजा होतो.