एका सीडीत अख्खा सप्ताह

आखाडा बाळापूरसारख्या बाजारपेठेच्या गावात सीडी भरून घेण्याचा व्यवहार कॉम्प्युटरमुळे सुरू झाला, असे सहज मानले जाते. मला ते पटत नाही. कॉम्प्युटर असायचा दुकानात. घरात, टीव्हीशेजारी पोचला होता तो व्हीसीडी प्लेअर, आणि गाणी, भजने, कीर्तने कोणत्या रूपात भरायची हे त्यानेच ठरवले. कळमनुरी तालुक्यातल्या, नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या या गावाचा विचार करताना हे अधिकच जाणवते. हा संत नामदेवांच्या नरसीचा जिल्हा. इथल्या ऐकण्यात पाच मिनिटांच्या सिनेगीताइतकाच मान दोन-दोन तास रंगणाऱ्या कीर्तनाला आहे, आणि कीर्तन हे ऑडिओ सीडीत कधीच मावणारे नव्हते.

ऑडिओ सीडी फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून घडवली. ऑक्टोबर १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल, आणि एकूण सुमारे ७४ मिनिटे. यातला ४४,१०० हा आकडा निव्वळ कानाच्या हिशेबातून आलेला नाही. माणूस सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून नमुने त्याच्या दुपटीहून थोडे जास्त हवेत, इतकेच कानाचे म्हणणे. नेमका आकडा दिला व्हिडिओ टेपने. त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने, एका फील्डमध्ये २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, गुणाकार ४४,१००. सीडीचे मापच असे दुसऱ्या यंत्राच्या सोयीने ठरलेले आहे. तेव्हा तिच्यातला आवाज पुढे वेगळ्या यंत्रासाठी बदलून घेणे हे काहीतरी बाटवणे आहे, असे मला वाटत नाही.

पुढचा धागा जास्त महत्त्वाचा. सीडी ज्या वेगाने वाचली जाते त्याच वेगात चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे, या खटपटीतून एमपेग-१ हे मानक तयार झाले आणि १९९३ मध्ये त्यावर आधारलेली व्हीसीडी आली. याच मानकात आवाज दाबून लहान करण्याचे तीन थर सांगितले होते. व्हीसीडीने दुसरा घेतला. तिसऱ्या थराच्या फायलींना १९९५ मध्ये 'एमपी थ्री' हे शेपूट मिळाले. म्हणजे एमपी थ्री आणि व्हीसीडी ही एकाच घरातली भावंडे. व्हीसीडीचा आवाज उलगडणाऱ्या चिपला धाकट्या भावंडाची भाषा शिकवणे फारसे खर्चाचे नव्हते, आणि स्वस्त चिनी प्लेअरवर 'एमपी थ्री' ही अक्षरे दिसू लागली ती त्यामुळे. ज्या घरात कॉम्प्युटर नव्हता, त्या घरात एमपी थ्री वाजले ते सिनेमा पाहायला आणलेल्या डब्यावर.

आता कीर्तनाचा हिशेब करून पाहावा. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दोन तासांचे कीर्तन भरायचे तर दोन कॅसेट लागत, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बाजू पालटताना अभंगाचे चरण तुटे. ऑडिओ सीडी केली तरी दोन लागत. तेच कीर्तन एका चॅनेलमध्ये, ६४ केबीपीएसला एमपी थ्री केले की ५८ एमबीच्या आत बसते. सप्ताहातल्या सात रात्रींची सात आणि काल्याचे एक, अशी आठ कीर्तने साधारण ४६० एमबी होतात. कोऱ्या सीडीत जागा ७०० एमबी. अख्खा सप्ताह एका सीडीत घालून वर हरिपाठाला जागा उरते. ऑडिओ सीडीत हे होणे शक्य नव्हते.

यावर पहिला आक्षेप आवाजाचा, आणि तो खरा आहे. ६४ केबीपीएसला टाळांची झणझण पाण्यासारखी सळसळू लागते, कारण दाबताना सर्वांत आधी वरच्या पट्टीचे तपशील जातात. पण महाराजांचे निरूपण स्पष्ट राहते, मृदंगाचा घुमाराही बराचसा टिकतो. ज्याला शब्दासाठी ऐकायचे आहे त्याच्या दृष्टीने हा सौदा वाजवी होता.

दुसरा आक्षेप चोरीचा. सिनेगीतांच्या सीड्या काढून विकणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंगच होता. ते झाकण्यात अर्थ नाही. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. कीर्तन देवाचे म्हणून त्याची प्रत काढून विकायला मोकळी, असेही त्यामुळे म्हणता येत नाही. मात्र स्वतः विकत घेतलेली सीडी घरच्या दुसऱ्या प्लेअरवर वाजावी म्हणून बदलून घेणे ही गोष्ट निराळी. २०१२ च्या दुरुस्तीने खासगी वापराची सवलत ध्वनिमुद्रणालाही लागू झाली. ही सवय रुजली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कायदा तिथे पोचला.

तिसरा आक्षेप असा, की भरणारा कॉम्प्युटरच असेल तर श्रेय प्लेअरला का द्यायचे? याचे उत्तर भरण्याच्या बारकाव्यांत आहे. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी सोयीची असूनही जुन्या प्लेअरला चालत नसे, कारण ती लेसरचा प्रकाश फार कमी परतवते; म्हणून एकदाच भरता येणारीच घ्यावी लागे. कितीतरी प्लेअर फायली नावाच्या क्रमाने वाजवत, त्यामुळे नुसते १, २, ३ असे आकडे दिले तर १ नंतर थेट १० वाजे. पहिल्या रात्रीच्या कीर्तनाला ०१ असेच लिहावे लागे. पडद्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून अभंगाचे नाव रोमन लिपीत, तेही तोडून. यातले काहीच कॉम्प्युटरला हवे होते म्हणून झालेले नाही.

त्याच फायली पुढे मेमरी कार्डात आणि ट्रॅक्टरवरच्या टेपच्या पेनड्राइव्हमध्ये गेल्या, तेव्हा आवाज पुन्हा बदलावा लागला नाही. बदलला तो क्रम. पेनड्राइव्हवर वाजवणारी अनेक यंत्रे नाव पाहत नाहीत. फायली ज्या क्रमाने टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून काल्याचे कीर्तन शेवटी यायला हवे असेल, तर ते शेवटी टाकावे लागते.