ठिणगीचा इतिहास : जुन्या मोटारसायकलींतील स्पार्क प्लगची सुधारणा आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

जुन्या मोटारसायकलीची ताकद वाढवू पाहणारा मालक बहुधा सर्वप्रथम स्पार्क प्लगकडे वळतो. हा भाग तुलनेने स्वस्त असतो, एका पान्याने निघतो आणि तो बदलताना इंजिन उघडावे लागत नाही. इरिडियमचा प्लग बसविला की मद्रासची बुलेट किंवा म्हैसूरची येझदी नव्या गाडीप्रमाणे धावू लागेल, अशी अपेक्षा त्यामागे असते. ही अपेक्षा कितपत रास्त आहे, याचे उत्तर यंत्रशास्त्र देतेच. परंतु प्लगचा इतिहास ते अधिक स्पष्टपणे देतो. प्लगमधील प्रत्येक मोठी सुधारणा ही इंजिन, इंधन किंवा विद्युत्‌यंत्रणा यांत झालेल्या बदलातून उद्भवलेल्या अडचणीचे उत्तर होती. ज्या इंजिनात ती अडचणच नाही, तेथे त्या उत्तराचा उपयोगही मर्यादित राहतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने प्लगच्या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

उगम

एत्येन लेन्वार याने १८६० मध्ये पॅरिस येथे बनविलेल्या वायू-इंजिनात विजेच्या ठिणगीचा वापर केला होता. तथापि १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी जी पहिली दुचाकी तयार केली, तिला स्पार्क प्लग नव्हता. तिच्यातील इंधन-मिश्रण ज्योतीने तापविलेल्या नळीमुळे पेट घेत असे. ही पद्धत साधी होती. पण ज्वलनाचा नेमका क्षण तिच्या नियंत्रणात नव्हता. इंजिनांचा वेग वाढू लागला तसा हा दोष असह्य झाला. निकोला टेस्ला, फ्रेडरिक सिम्स आणि रॉबर्ट बॉश या तिघांच्या नावे १८९८ या एकाच वर्षी विद्युत्-प्रज्वलनासंबंधीची एकस्वे आढळतात, यावरून त्या काळची गरज लक्षात येते. १९०२ मध्ये बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. मॅग्नेटोविना प्लग निरुपयोगी होता, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दाब, उष्णता आणि विद्युत्‌रोधक

फ्रीड्रिश पाशेन याने १८८९ मध्येच दाखवून दिले होते की, दोन विद्युदग्रांमधील फटीतून ठिणगी उडण्यास लागणारा विद्युत्-दाब हा वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. इंजिनातील संपीडन जसजसे वाढत गेले, तसतशी अधिक विद्युत्-दाबाची गरज भासू लागली आणि प्लगमधील चिनी मातीचा विद्युत्‌रोधक उष्णतेने तडकू लागला. यावर उपाय म्हणून अभ्रकाचे पापुद्रे वापरण्यात आले. इंग्लंडमधील के.एल.जी. हे प्लग त्यासाठी विशेष प्रसिद्ध होते. अभ्रकाच्या जागतिक पुरवठ्यात भारताचा वाटा फार मोठा होता आणि त्यात कोडरमा परिसराला महत्त्वाचे स्थान होते. प्लगच्या इतिहासाशी आपल्या देशाचा जुना संबंध असा खाणींतून आलेला आहे.

विमानांच्या इंजिनांसाठी १९३० च्या दशकात उच्च तापमानाला भाजलेल्या ॲल्युमिना मातीचा रोधक पुढे आला आणि कालांतराने अभ्रक मागे पडले. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची प्रथा १९२० च्या दशकात सुरू झाल्यावर प्लगवर शिशाचे थर साचू लागले आणि ती नवी समस्या ठरली. म्हणजेच सुधारलेला प्लग हा सुधारलेल्या इंजिनाच्या मागोमाग आलेला दिसतो.

भारतीय रस्त्यावरील प्लग

स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलनाच्या टंचाईमुळे सुट्या भागांचे देशी उत्पादन अपरिहार्य झाले. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजेच ‘मायको’ने, बॉशच्या सहकार्याने प्लग तयार केले. पुढे २००८ मध्ये या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६० च्या दशकापासून १९९६ मध्ये बंद पडेपर्यंत दोन-फेरी इंजिनाच्या गाड्या बनविल्या.

दोन-फेरी इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागत असल्याने प्लगवर काजळी लवकर धरत असे. डिकीत एक जादा प्लग, प्लगपाना आणि पॉलिशपेपरचा तुकडा बाळगणे हा येझदी आणि राजदूत चालविणाऱ्यांचा नित्यनेम होता. त्या पिढीच्या दृष्टीने ‘चांगला प्लग’ म्हणजे ताकद वाढविणारा नव्हे, तर वाटेत दगा न देणारा प्लग होय.

उष्णताश्रेणीचा घोटाळा

प्लगचे टोक सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअस या मर्यादेत राहावे लागते. त्याहून थंड राहिल्यास काजळी जळून जात नाही. त्याहून तापल्यास ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. रोधकाचे नाक लांब असल्यास प्लग ‘गरम’ आणि आखूड असल्यास ‘थंड’ ठरतो. ही श्रेणी आकड्यांत दर्शविण्याच्या पद्धती मात्र परस्परविरोधी आहेत. एनजीकेच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होतो; चॅम्पियनच्या पद्धतीत तो गरम होतो. बॉशच्या जुन्या पद्धतीत १७५ पेक्षा २२५ हा प्लग थंड असे. नंतरच्या एक-अंकी पद्धतीत हाच क्रम उलटला. त्यामुळे केवळ ‘मोठ्या आकड्याचा प्लग चांगला’ अशा समजुतीने केलेली अदलाबदल जुन्या इंजिनाच्या जिवावर बेतू शकते.

मिस्त्रीचे प्लगवाचन

काढलेल्या प्लगच्या टोकाचा रंग पाहून इंजिनाची प्रकृती सांगण्याची कला गॅरेजमधील मिस्त्रींनी अनुभवातून आत्मसात केली. कॉफीसारखा तपकिरी रंग हे निरोगी ज्वलनाचे, काळी काजळी हे जास्त पेट्रोलचे, तर पांढुरके टोक हे कमी पेट्रोलचे किंवा अतिउष्णतेचे लक्षण मानले जाते. हे ज्ञान इंधनाशी बांधलेले होते. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० च्या फेब्रुवारीपासून ते देशभर लागू झाले. शिशाचे थर नाहीसे होताच प्लगचे रंग फिकट झाले आणि जुनी खूण पूर्वीइतकी भरवशाची उरली नाही.

हीच परिस्थिती इथेनॉलमुळे पुन्हा उद्भवली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरने दिलेले मिश्रण त्या मानाने विरळ ठरते. अशा वेळी पांढरे पडलेले टोक पाहून केवळ प्लग बदलणे हा उपाय नव्हे. कार्ब्युरेटरमधील जेट तपासणे हे खरे काम असते.

इरिडियमची मर्यादा

नेहमीच्या निकेल प्लगचे मधले विद्युदग्र सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचे असते. इरिडियमचा द्रवणांक सुमारे २४४६ अंश सेल्सिअस असल्याने ते ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतके बारीक करता येते. बारीक टोकाशी विद्युत्‌क्षेत्र एकवटते आणि कमी दाबावरही ठिणगी उडते. किक मारताना दुबळा पडणारा मॅग्नेटो किंवा जुनी कॉइल असलेल्या गाडीला याचा खरा लाभ होतो: गाडी लवकर सुरू होते, मंद गती स्थिर राहते आणि प्लगची फट दीर्घकाळ बदलत नाही. तथापि ठिणगी वेळेवर आणि पुरेशी पडत असेल, तर ३४६ घनसेंटिमीटरच्या कमी संपीडनाच्या बुलेटची अश्वशक्ती केवळ प्लगमुळे जाणवेल इतकी वाढत नाही. नव्या प्लगची फट अनेकदा पॉइंट-प्रज्वलनाच्या गाडीला मोठी ठरते. ती निर्मात्याने सांगितलेल्या मापावर आणावी लागते आणि तसे करताना इरिडियमचे ठिसूळ टोक दुखावू द्यायचे नसते.

प्लगमधून खरोखर कार्यक्षमता वाढल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सरला एका सिलिंडरमागे दोन प्लग दिले, त्यामुळे ज्वाला दोन्ही बाजूंनी पसरून ज्वलन जलद झाले. परंतु त्यासाठी सिलिंडर हेड आणि ठिणगीची वेळ ठरविणारी यंत्रणा या दोहोंची रचना नव्याने करावी लागली.

समारोप

लेन्वारपासून पल्सरपर्यंतची वाटचाल एकच गोष्ट सांगते: प्लग ताकद निर्माण करीत नाही, इंजिनात असलेली ताकद वाया जाऊ न देणे एवढेच त्याचे कार्य आहे. म्हणून जुन्या मोटारसायकलीत योग्य उष्णताश्रेणीचा प्लग, स्वच्छ पॉइंट, सशक्त कॉइल आणि नीट जुळविलेला कार्ब्युरेटर ही एकत्रित सुधारणा मानली पाहिजे.

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना एकस्वे आणि कंपन्यांचे अहवाल उपलब्ध होतात. प्लगचा रंग वाचणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान मात्र बहुतांशी अलिखित राहिले आहे. नव्या गाड्यांतील इंधनपुरवठा संगणकीय नियंत्रणाखाली गेल्याने त्या कौशल्याची गरज ओसरत आहे. ते जाणणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. महाविद्यालयांतील इतिहास आणि भौतिकशास्त्र विभागांनी आपल्या गावातील जुन्या गॅरेजांमधून हे ज्ञान मुलाखतींच्या स्वरूपात नोंदवून ठेवल्यास एका हरवत चाललेल्या साधनाचे जतन होईल.