लेखनसीमा

मंडळी, बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांबद्दल, वाड्यांबद्दल, गणपतींबद्दल इथे बरंच लिहून झालंय. आज जरा वेगळं लिहितो. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात मोडीपासून करावी लागणार.

माझे आजोबा गायकवाडी दप्तरात कारकून म्हणून लागले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात गेल्यावरही दप्तरातच राहिले. मोडी ते वर्तमानपत्रासारखी वाचायचे. घरात त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. त्यांच्या पेटीतल्या कागदांना पस्तीवालासुद्धा भाव देणार नाही, असं आई म्हणायची.

१९९३ च्या उन्हाळ्यात साताऱ्याकडून त्यांचे थोरले चुलतभाऊ आले. मी नऊ वर्षांचा होतो. जमिनीचा वाद चालू होता आणि त्यांच्याकडे पेशवाईतलं एक इनामपत्र होतं. त्याचं देवनागरी करून खाली आजोबांची सही हवी होती. आजोबा भिंग घेऊन दुपारभर बसले. संध्याकाळी म्हणाले, "दादा, शेवटच्या दोन ओळी लेखनसीमेच्या खाली आहेत. त्या मी उतरवून देणार नाही." नेमक्या त्याच ओळींत जमीन ओढ्यापर्यंत असल्याचं लिहिलं होतं. दादाआजोबा जेवले नाहीत. रात्रीच्या गाडीने परत गेले. त्यानंतर आमच्या घरी ना लग्नाची पत्रिका आली, ना मुंजीची. ते गेल्याचं कार्डही तेरावा होऊन गेल्यावर आलं.

लेखनसीमा म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मराठी राजपत्रांवर दोन शिक्के असायचे. एक मुख्य मुद्रा, पत्र कुणाचं ते सांगणारी. दुसरा छोटा, मजकूर संपतो तिथे उमटवायचा. त्याला मोर्तब म्हणत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं होती, पेशव्यांच्या मोर्तबावर 'लेखनसीमा'. पत्र इथे संपलं, याच्या खाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण आजही 'शिक्कामोर्तब' म्हणतो, पण त्यात दोन वेगळे शिक्के आहेत हे लक्षात राहत नाही.

मलाही नव्हतं. २००७ मध्ये एम.ई.ला अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सिक्युरिटीच्या तासाला बसलो होतो तेव्हा आठवलं.

सर शिकवत होते तो प्रश्न असा. दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरलेली आहे. पाठवणारा किल्लीच्या मागे निरोप जोडतो, सगळ्याचा मिळून हॅश काढतो आणि तो निरोपासोबत पाठवतो. वाटेत कुणी निरोप बदलला तर त्याला नवा हॅश काढता येणार नाही, कारण किल्ली त्याच्याकडे नाही. ऐकायला पक्कं वाटतं ना? पण रॉन रिव्हेस्टचा एमडी५ (१९९२) मजकुराचे ६४-६४ बाइटचे तुकडे घेतो. एक तुकडा घुसळायचा, जे १२८ बिट निघतात त्यात पुढचा घुसळायचा, असं करत शेवटी उरतं तोच हॅश. म्हणजे हॅश हाती लागला की यंत्र जिथे थांबलं तिथून कुणीही ते पुढे चालवू शकतं. किल्ली लागतच नाही, तिची लांबी अंदाजाने धरली की पुरे. मूळ निरोपाच्या शेपटाला आपल्या मनाचा मजकूर जोडायचा आणि अगदी बरोबर हॅश तयार! एसएचए-१ चीही हीच गत. याला लेंग्थ एक्स्टेन्शन अटॅक म्हणतात.

लॅबमध्ये तो करून दाखवायचा होता. मध्ये भरतीचे बाइट येतात, त्यांत मजकुराची लांबी बिटांत लिहायची असते. मी ती बाइटांत लिहीत बसलो आणि एक अख्खी रात्र गेली. चालला तेव्हा समोर दिसत होतं, एका खऱ्या निरोपाच्या खाली मी घातलेली ओळ आणि ती खरी मानणारा सर्व्हर. मला एकदम ते दोन ओळींचं पत्र आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "सर, किल्ली शेवटी लावू." सर म्हणाले, तेवढ्याने भागत नाही. २००४ मध्ये वांग शाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५चा एकच हॅश देणारे दोन वेगवेगळे मजकूर काढून दाखवले होते. असे दोन मजकूर सापडले की मागून किल्ली लावूनही हॅश एकच येतो. मग त्यांनी एचमॅक शिकवला. बेलारे, कॅनेटी आणि क्रॉव्हचिक यांची १९९६ ची रचना. किल्ली आधी आत, निरोपाच्या पुढे. त्याचा हॅश निघाला की पुन्हा किल्लीसह बाहेरून दुसरा हॅश. वर मुद्रा, खाली मोर्तब! (कृपा करून 'महाराजांनी एचमॅक शोधला' असं कुणी फॉरवर्ड करू नका. अडचण तीच होती, एवढंच म्हणतोय.)

दोन वर्षांनी, २००९ मध्ये, फ्लिकरसारख्या मोठ्या साइटवर नेमकी हीच चूक सापडली. जगभरच्या वर्गांत शिकवून झालेली गोष्ट होती ही.

आजोबा तेव्हा एक्क्याऐंशीचे, डोळे जवळजवळ गेलेले. लॅब झाली त्या रविवारी मी त्यांना हे सगळं समजावलं. हॅशला 'ठसा' म्हटलं, सर्व्हरला 'कारकून'. त्यांनी नीट ऐकलं, मध्ये एकदा हसले. मग विचारलं, "खालचा मजकूर कुणी घातला, ते कळतं का रे त्यात?"

"नाही आजोबा. घातलाय एवढंच कळतं."

"मलाही तेवढंच कळलं होतं," ते म्हणाले. "शंभर-दीडशे वर्षांत कुणीही घातल्या असतील त्या ओळी. दादाने घातल्या असं मी म्हटलंच नव्हतं. त्याला तसं वाटलं."